मुख्याध्यापक संघाच्या सभेला जाताना

३१ मे रोजी जुने सर निवृत्त होतात आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या खुर्चीत बसता. अनुदानित शाळांतला हा नेहमीचा क्रम. खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे मुख्याध्यापकपद पात्र शिक्षकांमधल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीकडे जाते. त्यामुळे बहुतेकांना ते नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात मिळते, आणि ५८ व्या वर्षी निवृत्ती ठरलेली. कुणाला चार वर्षे मिळतात, कुणाला दीड. पंचवीस वर्षे बीजगणित शिकवलेल्या बाईंच्या पुढ्यात एकदम संचमान्यता, शालार्थ, यू-डायस, पोषण आहाराच्या नोंदी, वेतनेतर अनुदानाचा हिशेब आणि गळक्या छताबद्दलचे पत्र येऊन पडते. यातले काहीही त्यांना बी.एड.ला शिकवलेले नसते. शिवाय स्टाफरूम सुटते. कालपर्यंत ज्यांच्या डब्यातली भाजी हक्काने उचलली, त्यांच्या रजेच्या अर्जावर आज सही करायची असते. अडलेली गोष्ट त्यांना विचारता येत नाही, आणि संस्थेच्या सचिवांना विचारावी तर ‘एवढेही माहीत नाही?’ असे ऐकावे लागण्याची धास्ती.

या अडचणीत हाताशी येऊ शकते अशी एकच जागा पुण्यात आहे, ती म्हणजे मुख्याध्यापक संघ. शहराचा संघ आहे, जिल्ह्याचा आहे आणि राज्यभरातल्या संघांचे संयुक्त महामंडळ आहे. नव्याने मुख्याध्यापक झालेल्यांसाठी हा लेख आहे, तसाच दरवर्षी वर्गणी भरूनही सभेकडे न फिरकणाऱ्यांसाठीही. माझे म्हणणे सरळ आहे. संघाकडे गाऱ्हाणे घेऊन गेलात तर एक निवेदन निघेल. शाळेतला एखादा नेमका प्रश्न आणि त्याची कागदपत्रे घेऊन गेलात तर मदत मिळेल.

मुख्याध्यापक दोन-तीन वर्षांनी बदलत राहिला की शाळेची कारभारातली आठवणही तेवढीच उरते. आठवीची एक तुकडी केव्हा आणि कशामुळे तुटली, एखाद्या शिक्षकाच्या मान्यतेचा प्रस्ताव कुठल्या त्रुटीवर परत आला, हे सांगणारे शाळेत कुणी राहत नाही. संघात मात्र अशी माणसे भेटतात. निवृत्त झालेले सर अजूनही सभेला येतात, आणि ‘ते पत्र उपसंचालक कार्यालयातून येते, शिक्षणाधिकाऱ्यांकडे फेऱ्या मारू नका’ असे एका वाक्यात सांगून तुमचे पंधरा दिवस वाचवतात. पहिल्याच सभेत अशा दोन माणसांचे फोन नंबर घ्या. एक निवृत्त, आणि एक तुमच्यासारख्याच शाळेत सध्या काम करणारे. पट, माध्यम आणि इमारत यांत शाळा मिळतीजुळती असावी. तीन हजार मुलांच्या शाळेतला उपाय दोनशे मुलांच्या शाळेत चालत नाही, कारण तिथे कारकूनही एकच असतो, किंवा तोही नसतो.

पुण्याची एक गंमत आहे. शिक्षण संचालनालये मध्यवर्ती इमारतीत, राज्य मंडळ शिवाजीनगरला, बालभारती सेनापती बापट रस्त्यावर, एससीईआरटी कुमठेकर रस्त्यावर. गडचिरोलीच्या मुख्याध्यापकाला ज्या टेबलापर्यंत पोचायला रात्रभराचा प्रवास करावा लागतो, तिथे आपण रिक्षाने जातो. याच जवळिकीने आपल्याला एक वाईट सवय लावली आहे. प्रत्येक जण आपापली फाइल काखोटीला मारून एकटाच जातो, आपले काम करून घेतो आणि परत येतो. तीच अडचण शेजारच्या शाळेला पुन्हा पहिल्यापासून सोडवावी लागते.

निवेदनाला वजन कशाने येते

निवेदन देणे हे संघाचे जुने काम आहे आणि त्याला कमी लेखायचे कारण नाही. इंग्लंडात १८६९ साली अपिंगहॅम शाळेचे मुख्याध्यापक एडवर्ड थ्रिंग यांनी इतर शाळांच्या प्रमुखांना आपल्याकडे बोलावले, तेव्हाही निमित्त सरकारी कायद्याचेच होते. त्या बैठकीतून उभी राहिलेली मुख्याध्यापकांची परिषद आजही चालू आहे. आपल्याकडे शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेवर जाणारे आमदार आहेत, त्यामुळे मुद्दा सभागृहापर्यंत नेण्याची वाटही आहे. पण मुद्दा आकड्यांत मांडलेला हवा.

फेब्रुवारी २०२४ चा निर्णय आठवा. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे शासनाने ठरवले. मुलांची झोप पुरी व्हावी हा हेतू रास्तच होता. पण पेठांमधल्या कितीतरी शाळा एका इमारतीत दोन सत्रांत चालतात. सकाळचे सत्र पुढे ढकलले की दुपारच्या सत्राला खोल्या उरत नाहीत, आणि एकाच व्हॅनवाल्या काकांच्या दोन फेऱ्या एकमेकींवर आदळतात. वेळ बदलणे अगदीच शक्य नसेल तर शिक्षणाधिकाऱ्यांनी शाळानिहाय अडचण पाहून मान्यता द्यावी, अशी सोय त्याच निर्णयात होती. तिचा उपयोग करायचा तर ‘आमची गैरसोय होते’ हे वाक्य पुरत नाही. इमारतीत खोल्या किती, प्रत्येक सत्रात तुकड्या किती, दोन सत्रांमध्ये मिनिटे किती, व्हॅनने येणारी मुले किती, हे एका पानावर लिहावे लागते. शंभर शाळांनी अशी शंभर पाने दिली, तर संघाच्या हाती शहराचे खरे चित्र येते. अधिकाऱ्यालाही ते नाकारणे जड जाते.

२०२५ मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत नेणारे समान वेळापत्रक आले. मुख्याध्यापकांच्या संघटनांनी उन्हाचा आणि निकालाच्या कामाचा मुद्दा लावून धरला. तिथेही हिशेब मांडता येतो. एका शिक्षकाकडे तीन तुकड्या, तुकडीत ६० मुले, म्हणजे एका विषयाच्या १८० उत्तरपत्रिका. तपासणी, गुणतक्ते, प्रगतिपुस्तके आणि सर्वंकष मूल्यमापनाच्या नोंदी धरून किती दिवस लागतात, हे तुमच्या शाळेतला परीक्षा विभागप्रमुख सहज सांगेल. म्हणून संघाकडून माहितीचा तक्ता आला की ‘बघू नंतर’ म्हणून बाजूला ठेवू नका. तुमची सही असलेल्या निवेदनापेक्षा तुम्ही भरलेला तक्ता जास्त उपयोगी पडतो.

शिक्षणहक्क कायद्याचे कलम २७ हेही असेच जवळ ठेवायचे आयुध. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामाला लावता येत नाही, असे ते सांगते. एखाद्या सर्वेक्षणासाठी चार शिक्षक पाठवा असा फोन आला, तर एकट्या मुख्याध्यापकाला तो नाकारणे अवघड जाते. लेखी आदेश मागा आणि त्याची प्रत संघाला पाठवा.

आधारची एक यादी

संचमान्यता विद्यार्थ्यांच्या आधार-पडताळणीवर होऊ लागल्यापासून मुख्याध्यापकांची झोप उडाली आहे. जनरल रजिस्टरला मुलीचे नाव ‘श्रेया’, आधारवर ‘श्रीया’. कुठे जन्मतारखेतला महिना वेगळा, कुठे मुलाच्या नावापुढे ‘स्त्री’. वर्गात मूल समोर बसलेले आहे, हजेरीपटावर रोज त्याची खूण आहे, पण पोर्टलवर ते अवैध. अशी दहा-बारा नावे अडली तर काठावर असलेले एक शिक्षकपद जाऊ शकते, आणि तो शिक्षक अतिरिक्त ठरतो. पालक बांधकामावर कामाला असतील तर आधार केंद्रावर जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. ते टाळतात, यात त्यांचा दोष नाही.

एक-एक शाळा हे काम करत बसली तर वर्ष पुरत नाही. संघाने विभागवार एखादी मध्यवर्ती शाळा निवडावी, आधार दुरुस्तीचे काम करणाऱ्या टपाल कार्यालयाशी किंवा बँकेशी बोलून रविवारी तिथे शिबिर लावावे आणि आसपासच्या आठ-दहा शाळांनी आपली मुले पालकांसह तिकडे पाठवावीत. त्यासाठी आधी प्रत्येक शाळेची यादी तयार हवी. नुसती नावांची नव्हे, चूक कोणती त्यानुसार लावलेली. नावातली चूक, तारखेतली चूक, बोटांचे ठसे न जुळणे, मुळात आधारच नसणे असे चार गठ्ठे करा. प्रत्येकाला लागणारे कागद वेगळे असतात, आणि पालकाला एकाच खेपेत सगळे कागद घेऊन येता आले पाहिजे. हे काम जुलैत करा. पट ३० सप्टेंबरचा धरला जातो, आणि गणपतीच्या दिवसांत पुण्यात कुठलेही शिबिर होत नाही.

शेजारच्या शाळेत अर्धा दिवस

आता मुख्य विषय. प्रशासनाची कामे कितीही नीट झाली तरी शाळा सुधारते ती वर्गात. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली मुख्याध्यापकांच्या कामाबद्दलची अनेक संशोधने एकत्र करून पाहिली. मुलांच्या शिकण्यावर सर्वांत जास्त परिणाम दिसला तो शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणाऱ्या आणि स्वतः त्यांच्याबरोबर बसून शिकणाऱ्या मुख्याध्यापकांचा. म्हणून संघाच्या कार्यशाळेला एकटे जाऊ नका. विषय इंग्रजी वाचनाचा असेल तर पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवणारे दोघे बरोबर घ्या, आणि त्यांच्या शेजारी बसा. नाहीतर तुम्ही परत येऊन स्टाफ मीटिंगमध्ये पाच मिनिटांत सांगता, सगळे माना डोलावतात आणि विषय संपतो.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो उपक्रम फुकट आहे आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. दोन शाळांच्या मुख्याध्यापकांनी एकमेकांच्या शाळेत अर्धा दिवस काढायचा. शाळासिद्धीचे स्वयंमूल्यमापन आपण सगळ्यांनी भरले आहे. त्यात ७ क्षेत्रे आणि ४६ मानके होती. आता एससीईआरटीकडून आलेल्या स्क्वाफमध्ये १२८ मानके आहेत. ही माहिती प्रत्यक्षात कशी भरली जाते हे सगळ्यांना माहीत आहे. शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी, संगणक जमणाऱ्या एखाद्या तरुण शिक्षकाला शेजारी बसवून. त्यातून शाळेला काहीही कळत नाही. तेच मूल्यमापन शेजारच्या मुख्याध्यापकाच्या डोळ्यांनी केले तर खूप कळते.

भेट कशी करावी ते सांगतो. परिपाठाच्या आधी पोचा. हार-नारळ, चहा-पोहे नकोत; सत्कार सुरू झाला की तपासणी पथकासारखे वातावरण होते आणि शिक्षक घाबरतात. दोघांनी मिळून एकच प्रश्न आधी ठरवा. समजा ठरले की ‘सहावीची मुले न अडखळता वाचतात का?’ मग सहावीच्या दोन वर्गांत मागच्या बाकावर बसा. पट पाहून दर पाचवे मूल बोलवा आणि व्हरांड्यात त्याला बालभारतीच्या पाचवीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला द्या. वाचून झाल्यावर दोन साधे प्रश्न विचारा. शब्द वाचता आले पण अर्थ लागला नाही, अशी मुले वेगळी मोजा. नंतर ग्रंथालयात जाऊन सहावीच्या मुलांना या महिन्यात किती पुस्तके दिली गेली ते देवघेव नोंदवहीत पाहा. कपाटांना कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे असते ते विचारा. जाताना मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येते का तेही पाहा. मुली मधल्या सुट्टीनंतर वर्गात अस्वस्थ का असतात, याचे उत्तर कधी कधी तिथे मिळते. मग दार लावून दोघांनी तासभर बोला. पाहिलेले सांगा, सल्ला मागितला तरच द्या. महिन्याभराने दुसऱ्या शाळेत तोच प्रश्न घेऊन जा.

यातून निघालेले तक्ते कुणाच्याही गोपनीय अहवालात जाता कामा नयेत, आणि शिक्षकांना ते आधीच सांगा. संघाच्या सभेत मांडताना शाळेचे नाव न घेता मांडा. अशा वीस जोड्या वर्षभर चालल्या तर शहरातल्या सहावीच्या वाचनाबद्दल संघाला जे कळेल, ते कुठल्याही पोर्टलवर सापडणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांकडून वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. ऑनलाइन चित्रफीत लावून ठेवून ते तास भरण्यापेक्षा हे तास शेजारच्या शाळेच्या व्हरांड्यात गेलेले बरे.

विषयवार मंडळांनाही विसरू नका. मुंबईत बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने १९८१ पासून डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा चालवली आहे. शिक्षकांच्या संघटनेने उभे केलेले हे काम राज्यभरातल्या मुलांपर्यंत पोचले. आपल्याकडेही गणित आणि विज्ञान अध्यापकांची मंडळे आहेत. तुमच्या शाळेतला एक तरी शिक्षक त्यांच्या कामात असावा, आणि सभेच्या दिवशी त्याचे तास बदलून द्यायची जबाबदारी तुमची.

संघ छापतात त्या प्रश्नपत्रिकांबद्दल माझे मत बऱ्याच मित्रांना पटत नाही, तरी सांगतो. दहावीच्या सराव परीक्षेसाठी त्या जरूर घ्या. मुलांना अनोळखी प्रश्नपत्रिकेची सवय होते, आणि संघालाही चार पैसे मिळतात. पण पाचवी-सहावीच्या घटक चाचण्याही विकतच्या प्रश्नपत्रिकांवर घेऊ नका. आपल्या वर्गात काय शिकवले आणि मुले कुठे अडली, हे फक्त त्या वर्गाच्या शिक्षकाला माहीत असते. प्रश्न काढायचे काम त्याच्याकडून गेले की तो विचार करणेही हळूहळू थांबते.

कठीण प्रसंगी

संस्थेशी बिनसले तर संघाचा आधार मोठा असतो, पण मुदती लक्षात ठेवा. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींबद्दलच्या १९७७ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे बडतर्फी, पदावनती किंवा बढतीत डावलले जाणे याविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करावे लागते. ‘आपण अध्यक्षांशी बोलून बघू’ असे संघातले ज्येष्ठ आपुलकीने म्हणतात आणि त्यात महिना निघून जातो. बोलणी चालू राहू द्या; वकिलाला मात्र पहिल्या आठवड्यातच भेटा. मुख्याध्यापकाविरुद्ध चौकशी समिती नेमली गेली तर तिच्यावर स्वतःचा एक प्रतिनिधी, कुठल्याही खाजगी शाळेतला कर्मचारी, नेमण्याचा हक्क नियमावलीने दिला आहे. नियम जाणणारा आणि न दबणारा माणूस तेव्हा शोधावा लागतो. संघाची ओळख इथे कामी येते.

एका बाबतीत मात्र संघ सर्वांत शेवटी येतो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी शंका आली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अशा वेळी सहकारी मुख्याध्यापकाला फोन करून ‘काय करू?’ विचारायचे नाही, आणि संस्थेच्या परवानगीची वाट पाहायची नाही. आधी पोलिस, मग संस्था आणि शिक्षणाधिकारी. मुलाचे नाव संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चुकूनही जाऊ देऊ नका. ‘शाळेची बदनामी होईल’ असे सांगणारा कुणी संघात भेटला तर त्याचे ऐकू नका. संघाने करायचे काम आधीचे आहे: सखी सावित्री समितीच्या बैठका खऱ्याखुऱ्या कशा घ्यायच्या, सीसीटीव्हीचे चित्रण कोण आणि केव्हा पाहते, स्वच्छतागृहाच्या वाटेवर मधल्या सुट्टीत कुणाची नेमणूक असते, याची एकमेकांत देवाणघेवाण.

संघात शिरल्यावर त्याच्या कारभाराकडेही लक्ष द्या. वार्षिक सभेत लेखापरीक्षण अहवाल मागा, धर्मादाय कार्यालयात कार्यकारिणीचा बदल अर्ज दाखल झाला आहे का ते विचारा. संध्याकाळी सातला सुरू होणाऱ्या सभांना मुख्याध्यापिका येऊ शकत नाहीत, म्हणून सभा शनिवारी दुपारी घ्या असा ठराव मांडा. आणि ज्या सभेत दोन तास सत्कारात जातात, तिथे उभे राहून तसे बोलून दाखवा.

सगळेच या संघात बसतात असे नाही. सीबीएसई शाळांच्या प्राचार्यांसाठी सहोदय गट आहेत. महापालिकेच्या शाळांना केंद्रपातळीवरची शिक्षण परिषद आहे. माध्यमिक शाळा आणि आसपासच्या प्राथमिक शाळा यांनी एक समूह म्हणून काम करावे, ही कल्पना १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने मांडली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी पुढे १९७६ मध्ये आपली भारतीय शिक्षण संस्था मुंबईहून पुण्यात आणली, ती आज कोथरूडला आहे. तुमच्या पाचवीत येणारी मुले ज्या महापालिका शाळेतून येतात, तिच्या मुख्याध्यापिकांना तुम्ही कधी भेटला आहात का? शेजारशाळेची जोडी तिथेच जमवता येईल. संघाच्या सचिवांना आठ दिवस आधी पत्र देऊन पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत ‘चौथी ते पाचवी: वाचनाची दुवाजोडणी’ हा विषय घालून घ्या, आणि त्या बाईंना सभेचे निमंत्रण स्वतः जाऊन द्या.